बाळाला टोचताना आईला बाहेर पाठवू नका: नवजात बाळाचं दुखणं औषधाशिवाय कसं कमी होतं

नाशिकमध्ये लहान मुलांच्या कुठल्याही हॉस्पिटलात तासभर बसलात तर एक वाक्य हमखास कानावर पडतं, "बाळाच्या आई, तुम्ही जरा बाहेर थांबा." रक्त घ्यायचं असतं, सलाईन लावायचं असतं किंवा शुगर बघायला टाचेला टोचायचं असतं. बाळ आत जातं, दार लागतं, आतून रडण्याचा आवाज येतो आणि ओली बाळंतीण बाहेर भिंतीला टेकून उभी राहते, सोबत आजी असतात त्या म्हणतात रडू दे गं, रडलं की फुप्फुसं मोकळी होतात. मी नर्स आहे, बरीच वर्षं नवजात बाळांच्या वॉर्डात काम केलंय, त्यामुळे दाराच्या आत काय होतं ते मला माहितीय. आणि मला अगदी ठामपणे सांगायचंय की साध्या टोचण्याच्या वेळी आई ही अडचण नसते, बाळाचं दुखणं कमी करायचा सगळ्यात चांगला उपाय तीच असते, आणि नेमकं तिलाच आपण बाहेर काढतो.

आता आजींच्या बोलण्याबद्दल. जन्मल्या जन्मल्या बाळ पहिल्यांदा रडतं तेव्हा श्वास सुरू होतो, फुप्फुसात हवा भरते, तेवढं खरं आहे. पण तिसऱ्या दिवशी टाचेत सुई घुसल्यावर जे रडणं येतं त्याचा फुप्फुसं मोकळी होण्याशी काही संबंध नाही, ते दुखतंय म्हणून आलेलं रडणं आहे. त्या रडण्यात बाळाचे ठोके वाढतात, ऑक्सिजन खाली येतो, अंगातली ताकद खर्च होते, दीड किलोच्या बाळाला तर ही ताकद फार महाग पडते.

आजींना तरी का नावं ठेवायची, मोठमोठे डॉक्टरसुद्धा कित्येक वर्षं हेच मानत होते की नवजात बाळाला दुखत नाही, निदान आपल्याइतकं तरी नाही. कारण असं देत होते की बाळाच्या नसांवर मायलिन नावाचं जे आवरण असतं ते अजून पूर्ण तयार झालेलं नसतं, म्हणजे दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट जाणारच नाही. पण गंमत बघा, दुखण्याचा निरोप नेणाऱ्या बारीक नसांपैकी बऱ्याच नसांवर मोठ्या माणसातही हे आवरण नसतं, आणि तरी आपल्याला दुखतंच ना! आवरण नसलं तर निरोप थोडा हळू जातो एवढंच, आणि बाळाचं तर अंगच एवढुसं, टाचेपासून मेंदूपर्यंत अंतर ते किती. ह्या समजुतीमुळे १९८० च्या दशकापर्यंत कमी दिवसांच्या, म्हणजे महिने भरण्याआधीच जन्मलेल्या बाळांची ऑपरेशनंसुद्धा कधी कधी नुसतं हालचाल बंद करणारं औषध आणि अगदी हलकी भूल देऊन व्हायची, दुखण्यावरचं नीट औषध न देता. वाचताना अंगावर काटा येतो. हे बदलायला ज्यांचा मोठा हात लागला त्यातले एक डॉक्टर कंवलजित आनंद, मूळचे भारतातलेच, पुढे ऑक्सफर्डला गेले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं की हृदयाजवळच्या नळीचं ऑपरेशन होणाऱ्या कमी दिवसांच्या बाळांना फेंटानिल हे दुखण्यावरचं औषध दिलं तर शरीरातले ताणाचे हार्मोन कमी वाढतात आणि ऑपरेशननंतरची गुंतागुंतसुद्धा कमी होते. म्हणजे बाळाला कळत होतं, सहन होत नव्हतं, फक्त सांगता येत नव्हतं.

त्यानंतर पुष्कळ अभ्यास झाले. २०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या टीमने बाळांच्या पायाला अगदी हलकं टोचल्यासारखं करून एमआरआय मशीनमध्ये त्यांचा मेंदू बघितला, तर दुखताना मोठ्या माणसाच्या मेंदूतले जे २० भाग जागे होतात त्यातले १८ बाळांच्यातही जागे झाले. उलट काही बाबतीत बाळाला जास्तच दुखत असावं असं म्हणायला जागा आहे. मोठ्या माणसात मेंदूकडून खाली मणक्याकडे एक ब्रेक लागतो, "बस, कळलं, आता कमी कर" असं सांगणारा, तो ब्रेक नवजात बाळात, विशेषतः महिने पूर्ण न भरलेल्या बाळात, अजून नीट काम करत नसतो. आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा टोचलं की ती जागा जास्त हळवी होते, मग नुसता हात लावला तरी बाळ पाय ओढून घेतं. टाचेला रोज टोचलेल्या बाळाचा पाय स्पिरिटचा कापूस लावायला धरला तरी ते आधीच आक्रसतं, हे मी स्वतः खूप वेळा बघितलंय.

किती वेळा टोचतात, हा प्रश्न आई-वडील क्वचित विचारतात, पण विचारायला हवा. पॅरिस आणि आसपासच्या एनआयसीयूंमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागांमध्ये, ४३० बाळांचा एक अभ्यास झाला, २००८ मध्ये छापून आला, त्यात पहिल्या दोन आठवड्यांत निम्म्या बाळांना दिवसाला १० किंवा त्याहून जास्त दुखणाऱ्या गोष्टी सहन कराव्या लागत होत्या, आणि त्यातल्या जवळपास ७९ टक्के वेळा दुखणं कमी करायला त्या वेळेपुरतं असं काहीच केलेलं नव्हतं. पॅरिसमध्ये! दुखणाऱ्या गोष्टी म्हणजे फक्त सुई नाही हं, नाकातोंडातून सक्शन करणं म्हणजे नळीने चिकटा ओढून घेणं, तोंडातून पोटात नळी घालणं, चिकटपट्टी ओढून काढणं हे सगळं त्यात येतं. चिकटपट्टीचं तर कुणाच्या लक्षातच येत नाही, कमी दिवसांच्या बाळाची कातडी इतकी नाजूक असते की पट्टीबरोबर वरचा थरच निघून येतो, म्हणून ती कोमट पाण्याने भिजवून हळूहळू, कातडीला समांतर सोडवायची असते, खसकन ओढायची नसते.

बाळाला दुखतंय हे ओळखायचं कसं? रडणं हा एकच पुरावा धरू नका. चेहरा बघा. भुवया खाली येऊन मध्ये फुगतात, डोळे गच्च मिटतात, नाकाच्या बाजूने ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी खोल होते, तोंड उघडं आणि जीभ ताठ. हाताची बोटं फाकतात नाहीतर मूठ घट्ट होते, पाय ताठ होतात. वॉर्डात आम्ही ह्याला मार्क देतो, निप्स नावाचा तक्ता आहे त्यात चेहरा, रडणं, श्वास, हात, पाय आणि बाळ शांत आहे की बेचैन हे बघून ० ते ७ मार्क असतात. कमी दिवसांच्या बाळांसाठी पिप नावाचा वेगळा तक्ता आहे, त्यात ठोके आणि ऑक्सिजनही धरतात, आणि बाळ किती आठवड्यांचं होऊन जन्मलं तेही धरतात, कारण लहान बाळ कमी दाखवतं. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. २८-३० आठवड्यांतच जन्मलेलं बाळ कधी कधी रडतच नाही, गप्प पडून राहतं, अंग ढिलं सोडतं, आणि आपण म्हणतो किती गुणी बाळ आहे, त्रासच देत नाही. त्याच्याकडे रडायला ताकदच उरलेली नसते हो. मॉनिटर बघितला की कळतं, ठोके वर गेलेले असतात आणि ऑक्सिजन ९५ वरून ८५ वर आलेला असतो.

आता उपायांकडे येते. सगळ्यात आधी अंगावरचं दूध, कारण त्याच्याइतकं सोपं, फुकट आणि परिणामकारक दुसरं काही नाही. पूर्ण दिवसांचं, चांगलं ओढणारं बाळ असेल तर त्याला पाजता पाजताच टोचायचं. बॉस्टनमध्ये २००२ मध्ये छापलेला एक अभ्यास आहे, टाचेला टोचताना आईच्या अंगावर पीत असलेली बाळं आणि पाळण्यात गुंडाळून ठेवलेली बाळं यांची तुलना केली, तर पिणाऱ्या बाळांचं रडणं ९१ टक्क्यांनी कमी आणि चेहरा वेडावाकडा करणं ८४ टक्क्यांनी कमी. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये १८० बाळांचा अभ्यास झाला, त्यात अंगावर पाजणं हे ३० टक्के ग्लुकोज आणि चोखणी ह्या जोडीच्या बरोबरीने चाललं, आणि नुसतं आईच्या हातात धरण्यापेक्षा खूप चांगलं. ह्यात एकाच वेळी बऱ्याच गोष्टी घडतात, आईची ऊब, तिचा वास, चोखण्याची क्रिया, दुधाची गोडी, आणि बाळाचं लक्ष दुसरीकडे लागणं. ह्यातल्या कुठल्याही एकट्या गोष्टीपेक्षा सगळ्या मिळून जास्त काम करतात. म्हणूनच वाटीत काढलेलं दूध चमच्याने तोंडात टाकलं तर तेवढा फायदा होत नाही, थोडाफार होतो.

पण वेळ साधायला लागते. सुई तयार झाल्यावर घाईघाईत बाळ छातीला लावलं तर काही उपयोग नाही. आधी बाळाने नीट धरलं पाहिजे, दोन-चार मिनिटं चोखून गिळायला लागलं पाहिजे, आणि मग सिस्टरने टोचायचं, टोचून झाल्यावरही ओढून काढायचं नाही, पिऊ द्यायचं. बऱ्याच आया मला विचारतात, ताई, पिताना टोचलं तर दूध श्वासनलिकेत जाईल का, ठसका लागेल का. अभ्यासांमध्ये असा त्रास झालेला दिसला नाही. दुसरी भीती असते की बाळ छातीला घाबरेल, नंतर पिणारच नाही, तर तसंही होत नाही, टोचल्यावर पुन्हा छातीशीच गप्प होतं ते. हां, बाळाला श्वासाचा त्रास असेल, तोंडाने द्यायला डॉक्टरांनी मनाई केली असेल, किंवा गिळणं अजून जमत नसेल तर हे करायचं नाही, त्यांच्यासाठी पुढचा उपाय आहे.

तो म्हणजे कांगारू केअर. डायपर आणि टोपी सोडून बाळ उघडं, आईच्या उघड्या छातीवर उभं ठेवायचं, मान एका बाजूला, नाक मोकळं, वरून पदर किंवा शाल. ही पद्धत कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७० च्या दशकाच्या शेवटी सुरू झाली, इनक्युबेटर कमी पडत होते म्हणून, आणि आता तर भारतासह पाच देशांत झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलंय की जन्मल्यानंतर लगेच कांगारू केअर सुरू केली तर कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू २५ टक्क्यांनी कमी होतात, २०२१ मध्ये छापून आलंय ते. दुखण्याचं सांगायचं तर २००० मध्ये निरोगी बाळांच्या टाचेला टोचताना बघितलं गेलं, आईच्या छातीवर असलेल्या बाळांचं रडणं ८२ टक्क्यांनी आणि चेहरा आक्रसणं ६५ टक्क्यांनी कमी होतं. सुईच्या आधी निदान दहा-पंधरा मिनिटं बाळ छातीवर असावं, म्हणजे ते आधी शांत झालेलं असतं. टाच खालून बाहेर काढून टोचता येते, सिस्टरला वाकून काम करावं लागतं हे मान्य, माझीही कंबर दुखते, पण खुर्चीची उंची थोडी वाढवली आणि आईला मागे रेलून बसवलं की जमतं.

ह्यात वडीलही चालतात! आईइतका नाही तरी बराच फायदा होतो असं अभ्यासात दिसलंय. आपल्याकडे बाबा लोक बाहेर फाईल आणि बिलं सांभाळत फिरत असतात, मेडिकलमधून इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनसाठी शिरेत बसवायची बारीक नळी, आणून देतात, पण शर्टाची बटणं उघडून बाळ छातीला लावून बसा म्हटलं की लाजतात. एकदा बसले की मात्र उठत नाहीत. आपल्याकडची डिसेंबर-जानेवारीतली थंडी तुम्हाला माहिती आहे, निफाडचा पारा तर पार खाली जातो, अशा दिवसांत उघड्या टेबलावर बाळाचे हातपाय मोकळे करून व्हेन म्हणजे शीर शोधत बसण्यापेक्षा बाळ कुणाच्या तरी छातीवर असणं किती चांगलं, गार पडलेल्या बाळाची व्हेन सापडतही नाही लवकर.

मग साखरेचं. हॉस्पिटलात सुईच्या दोन मिनिटं आधी २४ टक्के सुक्रोज किंवा आपल्याकडे जास्त करून २५ टक्के डेक्स्ट्रोजचे थेंब जिभेच्या टोकावर देतात, किती ते बाळाच्या वजनावर आणि दिवसांवर डॉक्टर ठरवतात, अगदी थेंब-दोन थेंबांपासून ते एक-दोन मिलीपर्यंत. गोड चव लागली की मेंदूत नैसर्गिक वेदनाशामक द्रव्यं सुटतात असं मानतात, त्यामुळे ते पोटात जाण्यापेक्षा जिभेला लागणं महत्त्वाचं, नळीतून थेट पोटात सोडलं तर उपयोग होत नाही. परिणाम काही मिनिटंच टिकतो. टाचेला टोचणं, रक्त घेणं अशा छोट्या गोष्टींसाठी ह्याचे भरपूर अभ्यास आहेत आणि रडणं नक्की कमी होतं.

पण इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. २०१० मध्ये लंडनच्या संशोधकांनी बाळांच्या डोक्याला मेंदूतल्या लहरी टिपणाऱ्या ईईजीच्या तारा लावून बघितलं, साखर दिलेल्या बाळांचा चेहरा शांत दिसत होता पण मेंदूत उमटणारी दुखण्याची लहर तेवढीच होती. म्हणजे साखरेने खरंच दुखणं कमी होतं की फक्त दाखवणं कमी होतं ह्यावर अजून तज्ज्ञांमध्ये वाद आहे. माझं मत असं की साखर द्यावी, काहीच न करण्यापेक्षा ती नक्की चांगली, पण साखर दिली म्हणजे आपली जबाबदारी संपली आणि आता दहा वेळा टोचलं तरी हरकत नाही असं कुणी समजू नये. फार कमी दिवसांच्या बाळाला दिवसात कितीदा द्यायची ह्याचा तर डॉक्टरांनी हिशोब ठेवायलाच हवा.

आणि हात जोडून सांगते, हे वाचून घरी साखरपाणी करून पाजू नका. लसीला निघताना आजी मध चाटवतात, तो तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात द्यायचा नाही, मधात कधी कधी बोट्युलिझम नावाच्या आजाराचे जंतू असतात, मोठ्यांना काही होत नाही पण बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. घुटीही नको. गोड द्यायचं ते हॉस्पिटलात, मापून, सिस्टरच्या हातून.

आता हाताने करायच्या गोष्टी, ज्या एनआयसीयूत काचेच्या पेटीतल्या बाळालाही करता येतात. बाळ पोटात असताना कसं मुटकुळं करून असतं, हातपाय पोटाशी, पाठ वाकलेली, तसंच त्याला दोन्ही हातांनी धरायचं, एक तळहात डोक्यावर आणि दुसरा गुडघे दुमडून पायांवर, घट्ट नाही पण स्थिर. कुशीवर ठेवून असं धरलं की टोचणारीला एक हात किंवा एक पाय तेवढा मोकळा मिळतो. हात आईचा असला तर उत्तम, आधी साबणाने कोपरापर्यंत धुवून, अंगठ्या-बांगड्या काढून. एकटी सिस्टर एका हाताने पाय धरून दुसऱ्या हाताने टोचते तेव्हा बाळ बाकी सगळ्या अंगाने तडफडत असतं, त्याला कुणीतरी गोळा करून धरणं हीच मोठी मदत असते. घरच्या मऊ दुपट्यात गुंडाळलं तरी चालतं, पाहिजे तो हात बाहेर काढून. फक्त आपल्याकडे बाळुतं पाय सरळ करून करकचून बांधायची सवय आहे, ती नको, खुब्याला वाईट, पाय आत दुमडायला जागा राहिली पाहिजे. आणि तोंडावर कापड येऊ द्यायचं नाही.

चोखायला काहीतरी देणं हाही उपाय आहे, दूध नसलं तरी नुसतं चोखण्याने बाळ शांत होतं. परदेशात चोखणी देतात, आपल्याकडे स्तनपान बिघडेल म्हणून बऱ्याच हॉस्पिटलात चोखणीला मनाई असते आणि ती बरोबरच आहे, मग ग्लोव्ह घातलेलं स्वच्छ करंगळीचं टोक देतात, किंवा अगदी कमी दिवसांच्या बाळाला दूध काढून रिकाम्या केलेल्या छातीला लावतात.

कुरवाळण्याचंही शास्त्र आहे बरं. आपल्या कातडीत काही नसा अशा असतात ज्या फक्त हळुवार, संथ स्पर्शालाच उत्तर देतात. २०१८ मध्ये ऑक्सफर्डमध्ये बाळांच्या पायावरून साधारण सेकंदाला तीन सेंटीमीटर ह्या वेगाने मऊ ब्रश फिरवून मग टोचलं, तर मेंदूतली दुखण्याची लहर लहान झाली. भराभर फिरवला तेव्हा तसं झालं नाही. म्हणजे आजी मांडीवर घेऊन ज्या गतीने पायावरून हात फिरवतात साधारण तीच गती! घाबरलेल्या आया मात्र भराभर थोपटतात, हलवतात, त्याने बाळ अजून बावरतं. हात संथ ठेवा. पण फारच कमी दिवसांच्या बाळाला कुरवाळणंही कधी जास्त होतं, त्याच्यासाठी नुसता स्थिर ठेवलेला हात बरा, हे तिथल्या सिस्टरला विचारून करा.

आवाज तसाच. इटलीत एनआयसीयूतल्या बाळांवर केलेलं संशोधन २०२१ मध्ये छापून आलं, टाचेला टोचताना आई बाळाशी बोलली तेव्हा दुखण्याचे मार्क कमी आले आणि बाळाच्या लाळेत ऑक्सिटोसिन हे मायेशी जोडलेलं हार्मोन वाढलेलं दिसलं. हळू आवाजात बोला, गाणं म्हणा, अंगाई म्हणा, तुमचा आवाज त्याने पोटात असताना ऐकलेलाय. मोबाईलवर मोठ्याने गाणी लावू नका, एनआयसीयूत आधीच मॉनिटरची पीपपीप कमी असते का.

पण मला विचाराल तर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे न टोचणं. हे डॉक्टर-नर्सच्या हातात आहे म्हणून आमच्या लोकांनाही सांगते. सकाळी सीबीसी, दुपारी सीआरपी, संध्याकाळी बिलिरुबिन असं वेगवेगळ्या रक्ततपासण्यांसाठी तीनदा टोचण्यापेक्षा एकाच वेळी रक्त घेता येतं का बघावं. काविळीसाठी कपाळावर किंवा छातीवर लावून बघायचं मशीन असतं, ते असेल तर कित्येक बाळांचं टोचणं वाचतं, फोटोथेरपी म्हणजे काविळीसाठी दिव्याखाली ठेवणं सुरू झाल्यावर मात्र त्याचा आकडा तितका भरवशाचा राहत नाही. पूर्ण दिवसांच्या बाळाचं जास्त रक्त घ्यायचं असेल तर टाच पिळत बसण्यापेक्षा अनुभवी हाताने व्हेनमधून घेणं कमी दुखतं, कारण टाचेत सुईपेक्षा ते पिळणंच जास्त दुखतं. टाचेलाच टोचायचं तर बाजूला टोचावं, मधोमध नाही, आणि आपोआप आत जाऊन बाहेर येणारं लॅन्सेट असेल तर ते वापरावं, साध्या सुईने नको. दोनदा प्रयत्न करून पिवळा इंट्राकॅथ बसला नाही तर तिसऱ्यांदा हात बदलावा, दुसऱ्या सिस्टरला बोलवावं, ह्यात कमीपणा काही नाही.

लसीकरणाचं वेगळं बोलू, कारण एनआयसीयू सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, लस मात्र प्रत्येक बाळाला असते. जन्मल्यावर व्हिटॅमिन केचं इंजेक्शन (ती लस नाही, पण सुई असतेच), बीसीजी आणि हिपॅटायटिस बीची लस, आणि मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट ह्या पाच आजारांवरच्या एकत्र लसीची फेरी. सिडको, सातपूर, पंचवटी, नाशिकरोड कुठेही मनपाच्या केंद्रावर जा, रांग असते, आशाताई आणि सिस्टर घाईत असतात हे मला मान्य आहे, त्यांच्यावर किती भार असतो तो मी बघितलाय. तरीही रांगेत पुढे दोन नंबर उरले की बाळाला पाजायला घ्या आणि पाजत पाजतच आत जा. पदराखाली किंवा ओढणीखाली सहज होतं, दंड आणि मांडी तेवढी उघडी ठेवायची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये लसीच्या वेळच्या दुखण्याबद्दल ज्या सूचना दिल्या त्यातही हेच आहे, बाळाला टेबलावर उताणं दाबून धरण्याऐवजी आईच्या कुशीत धरा, पाजता येत असेल तर पाजा, सुई आत गेल्यावर पिस्टन मागे ओढून रक्त येतं का ते बघत बसू नका, आणि जास्त झोंबणारी लस शेवटी द्या. रोटाव्हायरसचे थेंब गोड असतात, ते आधी देऊन मग इंजेक्शन दिली की तोंडात गोडी असते. घरून निघताना आधीच पॅरासिटामॉलचा डोस पाजून जाणं त्या सूचनांमध्ये बसत नाही, ताप आला तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने नंतर द्यायचं. टोचलेली जागा चोळू नका, त्यावर तेल-हळद लावू नका.

एक सीमारेषा मात्र नीट लक्षात ठेवा. वर सांगितलेलं सगळं छोट्या, मिनिटभराच्या दुखण्यासाठी आहे. ऑपरेशन, छातीत नळी घालणं, असल्या गोष्टींना भूल आणि दुखण्याची औषधंच लागतात, तिथे कुणी नुसतं साखर देऊन भागवत असेल तर विचारा. कमी दिवसांच्या बाळांची डोळ्यांच्या पडद्याची तपासणी होते, आपल्याकडे २ किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांची करतात, साधारण चार आठवड्यांच्या आत पहिली, ती बाळाला खूप त्रासाची असते, डोळा क्लिपने उघडा धरतात. त्याला आधी बधीर करणारे थेंब लागतातच, त्याच्या जोडीला गुंडाळणं, गोड थेंब आणि कुणाचा तरी हात. पण त्रास होतो म्हणून ही तपासणी टाळू नका, नजर कायमची जाऊ शकते.

सिस्टरला कसं विचारायचं असं खूप जणी म्हणतात, त्या चिडतील म्हणून भीती वाटते. भांडायची गरजच नाही. "सिस्टर, टोचायच्या आधी पाच मिनिटं मला सांगाल का, मी बाळाला पाजायला घेते" इतकंच म्हणा. किंवा "मी त्याला धरू का, मला रक्त बघून चक्कर येत नाही." खरंच चक्कर येत असेल तर तसंही सांगा, मग बाबा किंवा मावशी धरतील, आई तिथेच हवी असा हट्ट नको, घाबरलेल्या आईचे थरथरणारे हात बाळालाही कळतात. कधी परिस्थिती तातडीची असते, बाळ निळं पडत असतं, तिथे मात्र कुणी थांबणार नाही आणि थांबूही नये, तेव्हा बाहेर थांबा म्हटलं तर बाहेर थांबा.

आणि आपल्या जिल्ह्यात एक अडचण नेहमीची आहे. सुरगाणा, पेठ, कळवणकडची आई सिझर होऊन तिकडेच ॲडमिट असते आणि बाळ मात्र १०८ मधून नाशिकला एनआयसीयूत आलेलं असतं, सोबत बाप नाहीतर आत्या. शहरातसुद्धा आई एका मॅटर्निटी होममध्ये आणि बाळ दुसऱ्या हॉस्पिटलात हे सर्रास असतं. अशा वेळी आईच्या दुधाचा वास तरी बाळापर्यंत पोचवता येतो, आईच्या किंवा तिच्या दुधाच्या वासाने टोचताना बाळं कमी रडतात असं अभ्यासांत दिसलंय. स्वच्छ धुतलेल्या सुती कापडाचा हातरुमालाएवढा तुकडा आईने काही तास छातीशी ठेवायचा, स्वच्छ पिशवीत घालून पाठवायचा, आणि सिस्टरची परवानगी असेल तर तो बाळाच्या डोक्याजवळ, तोंडावर येणार नाही असा ठेवायचा, रोज नवा. तोवर कांगारू केअर बापाने किंवा आत्याने सुरू करायची, आईने तिकडे दर दोन-तीन तासांनी हाताने दूध काढत राहायचं म्हणजे ती पोचेपर्यंत दूध आटत नाही, आणि टाके ओले असले तरी खुर्चीत बसता यायला लागलं की डॉक्टरांना विचारून लवकरात लवकर तिला बाळाजवळ आणायचं.